ओढ्याकाठची माती काय सांगते?



गावाच्या विकास आराखड्यात एक ओळ हमखास सापडते: ‘ओढ्याकाठच्या पडीक जागेचे सपाटीकरण’. कधी तिच्या जोडीला ‘नाला खोलीकरण व सरळीकरण’ असतं. कधी त्याच जागेवर समाजमंदिर सुचवतात, कधी अंगणवाडी, कधी शौचालयांचे खड्डे. आणि कधी आपलाच एखादा गट म्हणतो, “जागा मोकळीच आहे, भाजीपाला करू या.” ग्रामसभेत विषय निघतो, हात वर होतात, ठराव लिहिला जातो. पण त्या जागेत जाऊन माती कुणी बघितलेली नसते.

म्हणून आज मातीविषयी बोलू. ओढ्याकाठची, पाणथळीची जमीन मुकी नसते. तिचा रंग, तिचा वास आणि तिच्यावर उगवलेलं गवत-झाड बघितलं, की इथे पाणी किती दिवस थांबतं, पूर कुठपर्यंत येतो, कुठे बांधकाम करू नये आणि कुठे पीक घेता येईल, हे बरंचसं कळतं. त्याला यंत्र लागत नाही. एक खुरपं, एक पाण्याची बाटली आणि आपले डोळे एवढं पुरतं.

ओढा म्हणजे फक्त वाहतं पात्र नव्हे

उन्हाळ्यात ओढ्याची जी बारीक धार दिसते, तेवढाच ओढा असं आपण धरून चालतो. पण ओढ्याला दोन जागा असतात. एक रोजची, म्हणजे पात्र. दुसरी पावसाळ्यात पसरायची, म्हणजे दोन्ही काठांची सखल पट्टी. पुस्तकात तिला पूरमैदान म्हणतात. चार वर्षं पाणी तिथे आलं नाही म्हणून ती जागा ओढ्याने सोडली असं होत नाही. पाचव्या वर्षी तो येतोच.

पाणथळ म्हणजे अशी जमीन, जिथे वर्षातले बरेच दिवस माती पाण्याने भरलेली असते. वर पाणी दिसेलच असं नाही. वरून कोरडी वाटणारी जागाही एक हात खाली पाण्याने गच्च असू शकते. तलावाचा उथळ कडा, झऱ्याखालची दलदल, ओढ्याच्या वळणातला खोलगट भाग, धरणाचा फुगवटा ओसरतो ती जागा, या सगळ्या पाणथळीच.

मोठ्या नद्यांच्या काठी जलसंपदा विभाग दोन पूररेषा आखतो. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई असते. निळ्या आणि लाल रेषेच्या मधल्या पट्ट्यात बंधनं असतात. पण आपल्या गावच्या ओढ्याला अशी रेषा बहुधा कुणी आखत नाही. तिथे माती आणि झाडं यांनीच रेषा आखलेली असते. ती वाचता आली पाहिजे.

पूर माती कशी निवडून टाकतो

सुपात धान्य पाखडताना जड दाणे जवळ राहतात आणि हलकं फोलपट लांब जातं. पूरही तसंच करतो. पाणी पात्राबाहेर पडलं की त्याचा वेग एकदम कमी होतो. मग जड वाळू काठालगतच पडते. वर्षानुवर्षं असं होऊन काठाला थोडी उंच, वाळूची वरंबी तयार होते. हलका पोयटा त्याच्या पुढे जातो. सगळ्यात बारीक चिकणमाती अगदी मागच्या खोलगट भागात, पाणी शांत झाल्यावर खाली बसते.

यातून एक गोष्ट लक्षात ठेवा. सगळ्यात ओली जागा ओढ्याला चिकटून असेलच असं नाही. काठालगतच्या वाळूतून पाणी भराभर निचरतं, आणि पन्नास पावलं मागे असलेल्या चिकणमातीच्या खोलगटात ते महिनोन् महिने साचून राहतं. “इथून ओढा लांब आहे, काही होत नाही,” असं म्हणून घर किंवा अंगणवाडी बांधली जाते ती नेमकी याच मागच्या खोलगटात. मग जोत्याला ओल येते, भिंतींना तडे जातात आणि दोष गवंड्याला लागतो.

पाणी साचलं की मातीत काय होतं?

चांगल्या मातीत कणांच्या मधे हवा असते. मुळं आणि मातीतले सूक्ष्म जीव ती हवा घेतात. त्या पोकळ्या पाण्याने भरल्या की बाहेरची हवा आत जाणं जवळजवळ थांबतं, कारण प्राणवायू हवेपेक्षा पाण्यातून सुमारे १०,००० पट हळू सरकतो. आत उरलेला प्राणवायू सूक्ष्म जीव थोड्याच दिवसांत संपवतात. मग त्यांना जगायला दुसरा आधार शोधावा लागतो. आधी ते नत्राकडे वळतात, मग मातीतल्या लोहाकडे, आणि फारच कोंडमारा झाला तर गंधकाकडे.

आपल्याला जे दिसतं ते याचंच फळ.

रंग: विळा ओला ठेवला की गंजतो, हे आपण रोज बघतो. हवा आणि पाणी मिळून लोखंडाला गंज चढतो. मातीचा लाल-तांबूस रंगही बराचसा असाच, लोहाच्या गंजाचा. पाण्याखाली हवा संपली की हा गंज विरघळतो आणि पाण्याबरोबर निघून जातो. मागे उरते राखाडी, कधी निळसर-हिरवट झाक असलेली माती. अशा राखाडी मातीत तांबूस ठिपके आणि रेषा दिसल्या, तर तिथे पाणी कायमचं नाही, ते वरखाली होतं असं समजा. पाणी खाली गेलं की भेगांतून आणि मुळांच्या वाटांनी हवा आत शिरते आणि तेवढ्याच जागी पुन्हा गंज धरतो.

वास: माती उकरली आणि सडक्या अंड्यासारखा वास आला तर ती जागा बराच काळ, हवा न लागता, पाण्याखाली आहे. भाताच्या चिखलात पाय घातल्यावर बुडबुडे येतात आणि कुबट वास येतो, तो याच कुळातला.

कुजकट थर: हवा नसली की पाला-मुळं लवकर कुजत नाहीत. ती साठत जातात. त्यामुळे वरचा थर काळपट, मऊ, स्पंजासारखा होतो. हा थर पाणी धरून ठेवतो आणि नंतर हळूहळू सोडतो.

एक सावधगिरी आपल्याकडच्या काळ्या मातीची. रेगूर मुळातच इतकी काळी असते, की तिच्यात राखाडी रंग लपून जातो. तिथे रंगावर एकट्यावर विसंबू नका. ढेकूळ फोडा आणि मुळांभोवती तांबूस रेषा आहेत का ते बारकाईने बघा. वास आणि वरचं गवत यांची साक्षही काढा.

माती हातात घेऊन बघा

चार-पाच जणींनी मिळून जा. पुराच्या दिवसांत जाऊ नका, आणि काठाच्या अगदी कडेला किंवा दरडीखाली खणू नका. गवतात काठी आपटत चला, जनावरं असतात. एकदा पाऊस संपल्यावर म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरात आणि पुन्हा मार्च-एप्रिलात बघितलं तर दोन्हींतला फरक फार काही सांगून जातो.

१. ओढ्यापासून बांधाकडे सरळ चालत जा. तीन जागा ठरवा: काठालगत, मधे, आणि मागच्या खोलगटात.

२. प्रत्येक जागी एक हात खोल, म्हणजे दीडएक फूट, खड्डा घ्या. बाजूची माती खुरप्याने तासून ताजी करा. रंग वरपासून खालपर्यंत बघा. कुठे बदलतो? किती बोटांवर?

३. लगेच वास घ्या. थोड्या वेळाने वास उडून जातो.

४. मूठभर ओलसर माती मळून तिची वळी करा, शेवया वळतो तशी. वळी होतच नसेल तर वाळू जास्त. जाड वळी होते पण वाकवली की तुटते, तर पोयटा. बारीक लांब वळी होऊन तिचं कडं करता आलं, तर चिकणमाती.

५. खात्री करायची असेल तर पारदर्शक बाटलीत एक हिस्सा माती, तीन हिस्से पाणी घालून जोरात हलवा आणि ठेवून द्या. वाळू मिनिटभरात तळाला जाते. पोयट्याला काही तास लागतात. चिकणमातीचं गढूळ पाणी दुसऱ्या दिवशीही पुरतं निवळलेलं नसतं.

६. खड्डा अर्धा तास उघडा ठेवा. तळाशी पाणी झिरपलं तर ते किती बोटांवर आलं ते मोजा.

हे सगळं गटाच्या वहीत तारीख घालून लिहा. नंतर खड्डे आठवणीने बुजवा. गुरं-पोरं पडायला नकोत.

आता वर बघा: गवत आणि झाडं

गच्च ओल्या मातीत बहुतेक पिकांची मुळं गुदमरतात. तूर दोन-चार दिवस पाण्यात राहिली तर काय होतं, हे सांगायला नको. मग पाणकणीस, कमळ, भात कसे जगतात? ते स्वतःची हवा स्वतः खाली नेतात. कमळकाकडी चिरली की आत गोल गोल भोकं दिसतात ना? त्या हवेच्या नळ्या. पाणकणसाचं पान आडवं कापून बघा, त्यातही कप्पे दिसतील. भाताच्या मुळांतही अशाच पोकळ्या असतात. पानांनी घेतलेली हवा या वाटांनी मुळांपर्यंत पोचते. ज्या झाडाकडे अशी किंवा दुसरी काही सोय आहे, तेच पाणथळीत टिकतं. म्हणून झाड बघून जमीन ओळखता येते.

ही ओळख आपल्या देशात जुनी आहे. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या बृहत्संहितेत कोणत्या झाडाजवळ, कोणत्या वारुळाजवळ जमिनीत पाणी मिळेल याचं एक आख्खं प्रकरण आहे. उंबर म्हणजे पाणी, हे तर आपल्या आज्यांनाही ठाऊक होतं.

ओढ्यापासून वर चढत जाऊ तशी झाडं कशी बदलतात ते बघा.

खडकाळ पात्रात: शेरणीची झुडपं दिसतात. मुळं खडकाच्या फटीत घट्ट, फांद्या लवचिक. पुरात ती आडवी होते, पूर गेला की पुन्हा उठते. लव्हाळ्याचंही तसंच. वाकतं म्हणून टिकतं, हे आपल्याला तुकोबांनी सांगूनच ठेवलंय.

पाण्याच्या कडेला: पाणकणीस, वाळा, रानअळू, कोळसुंदा म्हणजे तालीमखाना, नीरब्राह्मी. ही सगळी एकत्र दिसली तर जागा वर्षातला मोठा काळ ओली असते. माका ओल्या बांधावरही येतो आणि लव्हाळा तर भिजवणाच्या शेतातही मानगुटीवर बसतो. म्हणून एका रोपावरून निकाल देऊ नका. तीन-चार साक्षीदार जुळले पाहिजेत.

काठावर: वाळुंज, करंज, उंबर, जांभूळ, अर्जुन, निर्गुडी. यांची मुळं खोल जातात आणि माती जाळ्यात धरल्यासारखी धरून ठेवतात. ही झाडं थोडे दिवस पूर सोसतात, पण कायम साचलेल्या पाण्यात राहायला तयार नसतात. त्यांची रांग जिथे आहे तिथे पूर येतो आणि जातो.

मागच्या सखल भागात: शिंदी आणि बाभूळ. शिंदी असेल तर खाली ओल आहे असं समजा. बाभूळ काळ्या जमिनीत पावसाळ्यापुरतं पाणी सोसते.

आणखी वर: बोर, कडुनिंब यांची दाटी सुरू झाली, की आपण ओढ्याच्या अंगणातून बाहेर आलो.

म्हणजे बघा, निळी रेषा नसली तरी शेवटच्या करंज-शिंदीपासून पहिल्या कडुनिंबापर्यंतची पट्टी हीच आपल्या ओढ्याची साधारण पूररेषा. गावातल्या जुन्या बायांना विचारा, “मोठ्या पुरात पाणी कुठवर आलं होतं?” त्यांनी दाखवलेली जागा आणि झाडांनी दाखवलेली जागा ताडून बघा.

हिरवं दिसलं म्हणजे बरं आहे असं नाही

काही झाडं पाहुणी म्हणून आली आणि घरमालक झाली. बेशरम आणि जलपर्णी या दोन्ही मूळच्या अमेरिका खंडाच्या उष्ण भागातल्या. बेशरमीची फांदी ओल्या मातीत पडली तरी रुजते. गुरं तिला तोंड लावत नाहीत, कारण ती विषारी आहे. एकदा काठ धरला की खालचं गवत संपतं. जलपर्णी माजली असेल तर समजा, पाण्यात सांडपाणी किंवा खताचा अंश येतो आहे. जलपर्णी पाणी झाकून टाकते, पाण्यातली हवा कमी होते, मासे मरतात. पाणकणीस आपलंच आहे, पण तेही फार दाटलं तर गाळ आणि खत जास्त येतंय असं धरून वरच्या अंगाला शोध घ्या.

यावर उपाय बायकांनी करून दाखवला आहे, तोही आपल्याच राज्यात. पूर्व विदर्भात, भंडारा-गोंदियाकडे, गोंड राजांच्या काळापासून कोहळी समाजाने बांधलेले शेकडो तलाव आहेत. मालगुजारी गेल्यावर त्यांना ‘माजी मालगुजारी तलाव’ म्हणू लागले. देखभाल सुटली, गाळ साठला, बेशरम माजली, मासळी घटली. तिथल्या काही गावांत ढिवर समाजाच्या मच्छीमार संस्था आणि महिलांचे गट एकत्र आले. त्यांनी बेशरम मुळासकट उपटली आणि तलावात पुन्हा देशी पाणवनस्पती लावल्या. काही पाण्याखाली वाढणाऱ्या, काही पाण्यावर पान पसरणाऱ्या, काही देवधानासारख्या, म्हणजे रानभातासारख्या, उथळ कडेच्या. माशांना खाणं आणि अंडी घालायला आडोसा मिळाला. यातला धडा एवढाच की नुसतं उपटून भागत नाही. रिकामी जागा ठेवली की पाहुणी परत येते. तिथे आपलं काही लावावं लागतं.

ही जमीन ओली की आजारी?

एक फरक मात्र नीट करा. सांगली-कोल्हापूरकडे कृष्णाकाठच्या उसाच्या पट्ट्यात पुष्कळ जमिनी पाणथळ आणि क्षारपड झाल्या आहेत. ती मूळची पाणथळ नव्हे. वर्षानुवर्षं पाटाचं पाणी जास्त दिलं, निचऱ्याची वाट ठेवली नाही, त्यामुळे खालचं पाणी वर चढलं. ते पाणी उन्हाने उडालं आणि क्षार वर राहिले. अशा जमिनीवर पांढरा थर फुटतो. पुढे ती चोपण झाली तर ओली असताना चिकट आणि वाळली की दगडासारखी होते, पाणी आत मुरत नाही, बी उगवत नाही.

मूळची पाणथळ जपायची असते, आणि आजारी पडलेल्या शेतीला औषध द्यायचं असतं. दोन्हींची गल्लत करू नका. पांढरा थर दिसला तर मातीचा नमुना कृषी विज्ञान केंद्रात किंवा माती परीक्षण प्रयोगशाळेत द्या. सामू ८.५ पेक्षा जास्त आला तर जमीन चोपणाकडे झुकली आहे. मग जमिनीखालून सच्छिद्र पाइपांचा निचरा, जिप्सम, हिरवळीचं खत यांतलं काय आणि किती, हे अहवाल बघून ठरवतात. शेजाऱ्याने टाकलं म्हणून आपणही टाकायचं, असं नाही.

‘पडीक’ जागा काय काम करते?

ती आपल्या विहिरीसाठी काम करते. पूर पसरला की त्याचा वेग कमी होतो, पाणी मुरायला वेळ मिळतो. सरळ, खोल, गवत नसलेल्या नाल्यातून तेच पाणी धावत पुढच्या गावात जातं.

ती पाणी गाळते. शेतातून वाहून आलेला गाळ गवतात अडकतो. पाणथळीच्या मातीतले सूक्ष्म जीव जादा नत्राचं वायूत रूपांतर करून ते हवेत सोडतात. गवताचा पट्टा काढला की हे सगळं थेट पाणवठ्यात.

ती काठ धरून ठेवते. मुळं गेली की काठ ढासळतो आणि ओढा दर पावसाळ्यात शेत खात सुटतो.

आणि ती चारा, औषध, वाळा, केरसुणीची शिंदी, चटईचं पाणकणीस, मासे-खेकडे देते. हे विकून किंवा वापरून घर चालवणाऱ्या बाया बहुतेक भूमिहीन घरातल्या असतात. जागा सपाट झाली की पहिला फटका त्यांना बसतो, आणि ग्रामसभेत त्यांचाच आवाज सर्वांत कमी ऐकू येतो.

गाळाने काय घडू शकतं ते बघायचं असेल तर नाशिक जिल्ह्यात निफाड तालुक्यातलं नांदूर मधमेश्वर बघा. गोदावरी आणि कादवेच्या संगमाजवळ बंधारा झाला. मागे वर्षानुवर्षं गाळ साठला, उथळ बेटं झाली, त्यांवर पाणवनस्पती वाढल्या आणि हजारो पक्षी येऊ लागले. २०२० साली त्याला रामसर यादीत स्थान मिळालं. महाराष्ट्रातलं ते पहिलं. इराणमधल्या रामसर गावी २ फेब्रुवारी १९७१ रोजी पाणथळींसाठी जगातल्या देशांचा करार झाला. म्हणून २ फेब्रुवारीला पाणथळ दिवस पाळतात. आपली पाणथळ इतकी मोठी नसेल, पण काम तेच करते.

मग ठराव काय करायचा?

‘काहीच करू नका’ असं कुणी म्हणत नाही. मातीने काय सांगितलं ते ऐकून करा.

राखाडी माती, सडका वास, पाणकणीस अशी जागा असेल तर तिथे बांधकाम नको, फळबाग नको. शौचालयाचे आणि सांडपाण्याचे खड्डे तर मुळीच नकोत. खालचं पाणी वरच असल्यामुळे खड्ड्यातलं पाणी जिरत नाही, आणि घाण थेट भूजलात मिसळून विहिरीला, हापशाला पोचते. तिथून चारा-गवत पाळीपाळीने कापा, पण सगळं एकदम नको.

काठाची वाळू आणि करंज-उंबराची रांग असेल तर झाड तोडू नका, वाळू काढू देऊ नका. मोकळ्या जागी भर घाला. निर्गुडी आणि वाळुंज फांदीपासून रुजतात, वाळ्याचे ठोंब लावता येतात, करंज बियांपासून येतो. पावसाच्या सुरुवातीला लावा. याच रोपांची रोपवाटिका करणं हा गटाला उत्पन्नाचाही एक मार्ग आहे.

मागचा पोयट्याचा भाग असेल, पूर ओसरल्यावर ओल टिकत असेल, तर गाळपेर किंवा रब्बीचा हरभरा, भाजीपाला येईल. मात्र जागा कुणाच्या नावावर आहे हे तलाठ्याकडून आधी बघून घ्या. काठाकडची पट्टी नांगरू नका आणि तिथे रासायनिक खत-औषध वापरू नका. फवारणीचा पंप ओढ्यात धुवायचा नाही, हा नियम गटाने लिहूनच ठेवावा.

नाला खोलीकरणाचा विषय आला तर तीन प्रश्न विचारा. फक्त साठलेला गाळ काढणार, की खालचा मूळ थरही फोडणार? नाला फार खोल गेला तर बाजूच्या जमिनीतलं आणि विहिरींतलं पाणी त्याच्याकडे ओढलं जातं. काठ उभे कापणार की उतरते ठेवणार? उभे काठ पहिल्याच पावसात ढासळतात. काढलेली झाडं परत कोण लावणार आणि जगवणार? याची उत्तरं लेखी घ्या.

बोलायची जागा आहे

ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घेण्याची तरतूद आपल्या ग्रामपंचायत कायद्यात आहे. ती सभा नुसती सह्यांपुरती होऊ देऊ नका. शिवाय जैवविविधता कायदा, २००२ नुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि तिच्या सदस्यांत किमान एक तृतीयांश महिला असाव्या लागतात. आपल्या गावच्या समितीत कोण आहे ते विचारा. ही समिती लोकजैवविविधता नोंदवही ठेवते. ओढ्याकाठच्या झाडा-गवतांची नावं, त्यांचा उपयोग, ती कोण गोळा करतं, हे सगळं त्या नोंदवहीत गेलं पाहिजे. एकदा नोंद झाली की त्या जागेला ‘पडीक’ म्हणणं तितकं सोपं राहत नाही.

तर मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत बचतीचा हिशेब झाला की एक दिवस ठरवा. सोबत एक खुरपं, दोन रिकाम्या बाटल्या, वही-पेन आणि गावातली एखादी जाणती आजी घ्या. तीन खड्डे, तीन वळ्या, दहा झाडांची नावं. एका सकाळचं काम आहे. पुढच्या ग्रामसभेत कुणी म्हणालं, “ती पडीक जागा आहे,” तर वही उघडा आणि वाचून दाखवा.